सैन्यात डझनभर लसी घेतलेला माणूस म्हातारपणी एका लसीला नाही का म्हणतो?

अमेरिकन सैन्यात भरती झालेल्या पोराच्या पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी ठरलेल्या असतात. डोक्यावरचे केस जातात, अंगावर गणवेश चढतो आणि दोन्ही दंडांत सुया जातात. गोवर, गालगुंड, धनुर्वात, हिपॅटायटिस, मेनिंजायटिस, फ्लू. पुढे नेमणूक कुठे होते त्यावर पीतज्वर, टायफॉइड, रेबीज, आणि अँथ्रॅक्स, म्हणजे जैविक अस्त्र म्हणून वापरता येणारा जिवाणूचा रोग. वीस वर्षं नोकरी करून बाहेर पडलेल्या माणसाने जितक्या लसी घेतलेल्या असतात, तितक्या त्याच्या गल्लीत दुसऱ्या कोणीही घेतलेल्या नसतात.

आणि हाच माणूस साठीला आल्यावर माजी सैनिकांच्या दवाखान्यात बसलेला असतो. नर्स म्हणते, फ्लूची लस राहिलीय, देऊन टाकू का? तो हाताची घडी घालतो. नको.

याचं झटपट उत्तर तयारच असतं : मोबाइलवरच्या अफवा, राजकारण, अडाणीपणा. अफवा आणि राजकारणाचा वाटा आहेच, नाही असं नाही. पण तेवढ्यावर थांबलं तर माणूस हातातून जातो. कारण त्याच्या 'नको'मागे बऱ्याचदा स्वतःचा अनुभव असतो, आणि त्या अनुभवातला निम्मा भाग खरा असतो. निम्माच. खरा भाग कुठे संपतो हे नीट कळलं, तरच त्याच्याशी बोलता येतं.

रांगेत उभं राहून घेतलेली सुई

व्हिएतनामच्या काळात भरती झालेल्यांना लसीकरण म्हटलं की आधी आठवते ती हवेच्या दाबावर चालणारी बंदूक. जेट इंजेक्टर. सुई नाही, औषधाचा बारीक झोत इतक्या जोराने सुटायचा की तो कातडी भेदून आत जायचा. रांग दोन्ही बाजूंच्या कर्मचाऱ्यांमधून पुढे सरकायची, दंड उघडा, एक डावीकडून, एक उजवीकडून. सूचना एकच : हलू नका. ऐन वेळी कोणी दचकला की झोत तिरका लागायचा आणि दंडावर चीर पडायची. तासाभरात शेकडो जवान पार पडायचे, म्हणून सैन्याला हे यंत्र फार आवडायचं. एका दंडावरचं रक्त पुढच्याच्या अंगात जाऊ शकतं, ही शंका मात्र वाढत गेली आणि १९९७ मध्ये संरक्षण खात्याने हे यंत्र बंद केलं. हिपॅटायटिस सी झालेल्या अनेक जुन्या सैनिकांना आजही वाटतं की आपल्याला तो तिथूनच लागला. व्हेटरन्स अफेअर्स खात्याने, म्हणजे सगळे ज्याला 'व्हीए' म्हणतात त्याने, २००४ मध्ये असं घडणं जैविकदृष्ट्या शक्य असल्याचं मान्य केलं. घडलंच, असं मात्र म्हटलं नाही.

याच रांगेच्या शेवटी आणखी एक प्रकार असायचा, ज्याला जवान 'पीनट बटर शॉट' म्हणतात. घट्ट, दाट औषध, पार्श्वभागात. नंतर गाठ विरघळावी म्हणून जमिनीवर बसून डोलायला लावायचे. चाळीस वर्षांनी तो माणूस सांगतो, 'त्या लसीनंतर मला दोन दिवस बसता येत नव्हतं.' गंमत अशी की ती लस नव्हतीच. ते बेंझाथिन पेनिसिलिन, म्हणजे प्रतिजैविक. बराकीत घशाचा संसर्ग पसरू नये म्हणून द्यायचे. पण हे त्याला तेव्हा कोणी सांगितलं नाही, त्यामुळे त्याच्या हिशोबात ती लसच राहिली.

न सांगण्याची ही सवय इथे सगळ्यात महत्त्वाची. दुखणं माणूस विसरतो. पण अंगात काय घातलं हे विचारल्यावर 'हात वर कर' एवढंच उत्तर मिळालं, तर ते विसरत नाही.

लस कोणासाठी होती?

सैन्य लस देतं ती तुकडी लढती राहावी म्हणून. हा हिशोब अमेरिकन सैन्याइतकाच जुना आहे. १७७७ च्या सुरुवातीला जॉर्ज वॉशिंग्टनने आपल्या फौजेला देवी टोचून घेण्याचा आदेश दिला. जेन्नरची देवीवरची लस यायला अजून जवळजवळ वीस वर्षं होती, त्यामुळे ही लस नव्हे. खऱ्या देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीत घालायचा. त्याने काही जवान दगावणार हे माहीत होतं. पण छावणीत देवीची साथ आली तर त्याहून कितीतरी जास्त दगावणार हेही माहीत होतं, आणि इंग्रजांना सुगावा लागू नये म्हणून हे काम गुपचूप उरकायचं होतं. सेनापती म्हणून निर्णय बरोबरच होता. फक्त त्यात एकेका शिपायाला 'तुझं काय मत?' असं विचारायला जागा नव्हती.

पुढची अडीचशे वर्षं हेच चालू राहिलं, आणि बहुतेक वेळा ते उपयोगीही ठरलं. फ्लूची लस आधी अमेरिकन सैन्यासाठी तयार झाली आणि दुसऱ्या महायुद्धात जवानांवर वापरून मगच नागरिकांकडे आली. पण नोकरीच्या अख्ख्या काळात जवानाला लस भेटते ती हुकूम म्हणून, पलटणीच्या सोयीसाठी. निवृत्तीनंतर गणित उलटं होतं. आता वाचवायला पलटण नाही. लस घेतली तर फायदा त्याचा, नाही घेतली तर न्यूमोनिया त्याचा. गोष्ट बदलली आहे, हे त्याला कोणी समजावलेलंच नसतं. त्याच्यासमोर तीच सुई आहे, तसाच कोट घातलेला माणूस आहे, आणि 'घेऊन टाका' हे वाक्यही जवळपास तेच आहे. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात दुर्लक्षित बाब हीच.

जे खरंच घडलं

१९४२. युद्धावर निघालेल्या अमेरिकन जवानांना पीतज्वराची लस दिली गेली. लस टिकून राहावी म्हणून तिच्यात मानवी रक्तातला द्रव घातलेला होता आणि त्यातल्या काही खेपा दूषित होत्या. सुमारे ५० हजार जवान कावीळ होऊन रुग्णालयात गेले. ती हिपॅटायटिस बी होती हे पक्कं कळायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. त्या दशकातल्या अंदाजानुसार संसर्ग झालेल्यांची संख्या तीन लाखांच्या पुढे होती. कारण लक्षात आल्यावर काही महिन्यांतच रक्तद्रवाशिवाय लस बनू लागली, हेही तितकंच खरं.

१९९०-९१. आखाती युद्धात सुमारे सात लाख अमेरिकन जवान गेले. त्यातल्या दीड लाखांच्या आसपास लोकांना अँथ्रॅक्सची लस मिळाली आणि आठेक हजारांना बोट्युलिनम या जिवाणूच्या विषाविरुद्धची लस. मज्जासंस्थेवर हल्ला करणाऱ्या वायूपासून बचाव म्हणून पायरिडोस्टिग्मिन ब्रोमाइडच्या गोळ्या लाखोंना दिल्या गेल्या. गोळ्या आणि बोट्युलिनमची लस या कामासाठी मंजूर नव्हत्या, म्हणून युद्धकाळापुरती जवानांची संमती न घेण्याची मुभा औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, संरक्षण खात्याला दिली. कोणाला काय, किती वेळा दिलं याच्या नोंदी मात्र अर्धवट राहिल्या. परत आलेल्यांपैकी साधारण चौघांमागे एकाला थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा, पोटाच्या तक्रारी असं काहीतरी चिकटलं. त्याला आज 'गल्फ वॉर इलनेस' म्हणतात. कित्येक वर्षं त्यांना ऐकवलं गेलं की हा मनावरचा ताण आहे.

१९९८ पासून अँथ्रॅक्सची लस सगळ्या सैन्याला सक्तीची झाली. दीड वर्षात सहा डोस, मग दरवर्षी एक. शेकडो जवानांनी नकार दिला. काहींची पदावनती झाली, काहींवर कोर्टमार्शल. २००४ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश एमेट सलिव्हन यांनी ही सक्ती बेकायदा ठरवली. एफडीएने २००५ अखेर अंतिम मंजुरी दिली आणि २००६ मध्ये सक्ती पुन्हा जाहीर झाली.

यात लसींच्या बाहेरचाही हिशोब मिसळतो. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६० हजार जवानांवर मस्टर्ड गॅसचे प्रयोग झाले आणि गुप्ततेच्या नावाखाली त्यांची तोंडं १९९० च्या दशकापर्यंत बंद राहिली. व्हिएतनाममध्ये १९७१ पर्यंत एजंट ऑरेंज हे झाडांची पानं गाळणारं विषारी रसायन फवारलं. त्यावरचा कायदा आला १९९१ मध्ये. अमेरिकेतल्याच कॅम्प लेजून या लष्करी तळावरचं पाणी १९५३ ते १९८७ दूषित होतं. मार्च १९९१ मध्ये इराकमधल्या खमिसिया इथला दारूगोळा उडवला तेव्हा त्यात सरीन हा मज्जासंस्थेवर हल्ला करणारा वायू होता, हे पेंटागॉनने, म्हणजे संरक्षण खात्याने, मान्य केलं १९९६ मध्ये. तोपर्यंत 'असं काही झालंच नाही' हेच अधिकृत उत्तर होतं. इराक-अफगाणिस्तानात तळाशेजारी कचरा जाळायचे ते उघडे खड्डे घ्या; त्यावर नीट कायदा व्हायला २०२२ उजाडलं.

या सगळ्याचा क्रम एकच आहे. आधी 'काही झालं नाही'. मग 'पुरावा अपुरा आहे'. आणि निम्मे लोक गेल्यावर 'हो, झालं होतं'. त्यामुळे माजी सैनिक 'सुरक्षित आहे' हे शब्द ऐकतो तेव्हा त्याच्या मनात येतं, बघू तीस वर्षांनी. त्याला भ्रमिष्ट म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि जे त्यातून सिद्ध होत नाही

आता दुसरी बाजू, कारण सहानुभूतीच्या भरात लोक इथेच थांबतात.

सलिव्हन यांच्या निकालाचंच घ्या. 'कोर्टाने लस बेकायदा ठरवली' हे वाक्य माजी सैनिकांच्या गप्पांत पन्नास वेळा ऐकायला मिळतं. न्यायालयाने लस घातक आहे असं म्हटलेलं नव्हतं. श्वासातून होणाऱ्या अँथ्रॅक्ससाठी ही लस वापरायला एफडीएने मंजुरीची प्रक्रिया रीतसर पूर्ण केलेली नाही. ती होईपर्यंत संमतीशिवाय टोचता येणार नाही, एवढाच तो निकाल होता. प्रक्रिया चुकणं आणि लस वाईट असणं या दोन वेगळ्या गोष्टी. त्याआधी २००२ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या वैद्यकीय सल्ला देणाऱ्या स्वतंत्र संस्थेच्या समितीने उपलब्ध अभ्यास तपासून ती लस परिणामकारक आणि पुरेशी सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला होता. डोस जास्त आणि दंड दुखवणारे आहेत, हेही त्याच समितीने नोंदवलं.

गल्फ वॉर इलनेसचं कोडं आणखी गुंतागुंतीचं आहे. त्या वाळवंटात एकाच माणसाच्या वाट्याला लसी, गोळ्या, तंबूभर मारलेली कीटकनाशकं, जळत्या तेलविहिरींचा धूर, कदाचित सरीन, आणि झोपेचा पत्ता नाही असं सगळं एका महिन्यात आलं. यातलं कशाने काय झालं हे वेगळं काढायचं कसं? २००८ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, आदेशावरून नेमलेल्या संशोधन सल्लागार समितीने दोन गोष्टींवर स्पष्ट बोट ठेवलं : पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या आणि कीटकनाशकं. अँथ्रॅक्सची लस त्या दोनांत नव्हती. याउलट २००० साली ब्रिटिश संशोधकांना आपल्या सैनिकांत एक विचित्र फरक दिसला. युद्धावर असताना एकदम बऱ्याच लसी घेतलेल्यांत पुढे आजारपण जास्त होतं. त्याच लसी युद्धावर निघण्याआधी घेतलेल्यांत तसं नव्हतं. म्हणजे ताण, धावपळ आणि बाकीच्या विषारी गोष्टींच्या गर्दीत एकावर एक टोचण्यात काहीतरी गडबड असू शकते. साठाव्या वर्षी, घरी नीट जेवून-झोपून, एका दुपारी घेतलेली फ्लूची लस ही ती परिस्थिती नव्हे.

हा फरक समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात. 'त्याचा याच्याशी काही संबंध नाही' म्हणायला दोन सेकंद. दवाखान्यात दहा मिनिटं नसतात, म्हणून दोन सेकंदांचं उत्तर दिलं जातं आणि समोरचा उठून जातो.

लसीच्या बाजूने बोलणारा सैन्याचाच एक अनुभव फार कमी लोकांना माहीत असतो. बराकीत नव्या भरतीला हमखास ताप-खोकला आणायचा तो अ‍ॅडिनोव्हायरस. १९७१ पासून त्याची लस सर्रास दिली जायची. सुई नाही, दोन गोळ्या न चावता गिळायच्या. ती बनवणारी एकमेव कंपनी १९९६ मध्ये थांबली, १९९९ पर्यंत साठा संपला, आणि खोकला परत आला. प्रशिक्षण तळांवर साथी सुरू झाल्या, काही तरुण दगावलेही. २०११ मध्ये गोळ्या परत आल्या आणि थोड्याच वर्षांत तो आजार शंभरपटीने घटला. लस काढून घेतली तर काय होतं याचा असा चोख हिशोब क्वचितच बघायला मिळतो. २००० च्या आसपास प्रशिक्षण घेतलेल्याला हे सांगून बघा. आपल्या बराकीतला खोकला त्याला लगेच आठवेल.

कोविडने काय केलं

डिसेंबर २०२० मध्ये व्हीएच्या रुग्णांपैकी पहिली कोविड लस घेतली ती मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड इथल्या एका ९६ वर्षांच्या बाईंनी. दुसऱ्या महायुद्धात त्या सैन्यात होत्या. पुढचे काही महिने लसीसाठी रांगा होत्या, नकारापेक्षा 'माझा नंबर कधी' हाच प्रश्न जास्त. मार्च २०२१ च्या कायद्याने तर सगळ्याच माजी सैनिकांना, त्यांच्या जोडीदारांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही व्हीएत लस मिळू लागली.

मग २४ ऑगस्ट २०२१ ला संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी सेवेतल्या सगळ्यांना लस सक्तीची केली. आठ हजारांहून जास्त जण नकारामुळे सैन्यातून बाहेर काढले गेले. काँग्रेसने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून ती सक्ती उठवायला लावली आणि १० जानेवारी २०२३ ला आदेश मागे गेला. ज्याची नोकरी गेली आणि दीड वर्षाच्या आत तोच नियम रद्द झाला, त्या तिशीतल्या माणसाला काय वाटत असेल? तोही आता माजी सैनिक आहे. उद्या तोही दवाखान्यात येणार आहे.

इथे एक गोंधळ निस्तरायला हवा. माजी सैनिकांना व्हीएने लस कधीच सक्तीची केली नाही. सक्ती होती ती व्हीएच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना. पेंटागॉन आणि व्हीए ही दोन वेगळी खाती आहेत. पण ज्याने वीस वर्षं एकाचं ऐकलं आणि आता दुसऱ्याच्या दारात बसलाय, त्याच्या लेखी दोन्ही 'सरकार'च. 'इथे तुम्हाला कोणी सक्ती करू शकत नाही' हे वाक्य म्हणूनच मोठ्याने, आणि सगळ्यात आधी म्हणावं लागतं.

बोलायचं कसं

हुकमाने दबलेल्या माणसाला पुन्हा ढकललं तर तो मागे रेटतो. मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये हे मांडलं : निवडीचं स्वातंत्र्य जातंय असं वाटलं की माणूस सुचवलेल्या गोष्टीच्या उलट जाऊन ते परत मिळवायला बघतो. यावर उपयोगी पडते ती संवादाची एक पद्धत, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये ती दारू सोडवण्याच्या उपचारांसाठी मांडली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर वाढवली. व्हीएत ती वर्षानुवर्षं शिकवली जाते. कागदावर ती फार शहाणी आणि गोड वाटते. प्रत्यक्षात कशी असते ते बघा.

समजा, आखाती युद्धावरचा एक जण म्हणतो, 'आम्हाला तिकडे टोचलं तेव्हा काय टोचताय विचारलं, कोणी सांगितलं नाही. घरी आल्यापासून सांधे धरलेत. आणि आता तुम्ही म्हणता फ्लूची घ्या.'

पाठ केलेलं उत्तर : 'ती लस वेगळी होती, ही पूर्ण सुरक्षित आहे.' पहिला अर्धा भाग खरा, दुसरा कोणत्याच औषधाबाबत खरा नसतो, आणि दोन्ही मिळून दार बंद.

त्याऐवजी : 'म्हणजे विचारूनही सांगितलं नाही. मग आता कोणी सुई घेऊन आलं की तेच आठवणार.' आणि गप्प बसायचं. तो बोलतो. बहुतेक वेळा बरंच बोलतो. ते संपल्यावर, 'फ्लूच्या लसीबद्दल मला जे माहीत आहे ते सांगू का? ठरवायचं तुम्हीच.' परवानगी मिळाली तरच पुढे. मग लसीत काय आहे, दंड एक-दोन दिवस दुखेल, थोडी कणकण येऊ शकते, गंभीर त्रास कितपत दुर्मीळ आहे, हे साध्या शब्दांत. त्याला न विचारता बाही वर करायची नाही, मागून यायचं नाही. युद्धाचा किंवा लैंगिक अत्याचाराचा आघात घेऊन जगणाऱ्यांसाठी बंद खोलीत अचानक झालेला स्पर्श ही सुईपेक्षा मोठी गोष्ट असते, आणि कधी कधी 'नको' हे लसीला नसतंच मुळी.

एक छोटीशी कृती मला फार मोलाची वाटते. बाटलीवरचा खेप क्रमांक त्याला दाखवायचा, लसीचं नाव, कंपनी आणि तारखेसह तो कागदावर लिहायचा आणि कागद त्याच्या हातात द्यायचा. ज्याच्या १९९१ च्या नोंदी सापडत नाहीत, त्याला या चार ओळींची किंमत सांगावी लागत नाही. त्रास झाला तर १९९० पासून चालू असलेल्या व्हेअर्स या लसींनंतरच्या त्रासांच्या सरकारी नोंदणीत तो स्वतःच तक्रार नोंदवू शकतो, डॉक्टरची गरज नाही, हेही सांगायचं. अशी नोंद म्हणजे लसीनेच त्रास झाल्याचा निष्कर्ष नव्हे, तपासाची सुरुवात.

'दुष्परिणाम लपवतात' या आक्षेपावर उत्तर म्हणून सापडलेले दुष्परिणाम दाखवावेत. डिसेंबर २००२ पासून सैन्याने पुन्हा देवीची लस दिली, तेव्हा काही तरुण जवानांच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते हे सैन्याच्याच डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांना मार्च २००३ पासून वगळलं गेलं. कोविडच्या एमआरएनए लसींनंतरही तेच. सैनिकी डॉक्टरांनी २८ लाख डोसांमागे अशा २३ पुरुषांची नोंद जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केली, बहुतेकांना दुसऱ्या डोसनंतर त्रास झालेला. हे आकडे दडवून 'काही होत नाही' म्हणणाऱ्यापेक्षा आकडे टेबलावर ठेवणाऱ्यावर विश्वास बसण्याची शक्यता जास्त.

सांगणारा कोण, हेही बघावं लागतं. सरकारी पोस्टरवर झेंडा आणि खाली 'देशासाठी आणखी एकदा' असं काहीतरी लिहिलेलं असतं. काहींना ते भिडतं. नकारामुळे नोकरी गेलेल्याच्या मात्र ते जखमेवर मीठ. जनरलच्या छायाचित्रापेक्षा त्याच पलटणीत, त्याच वर्षी रांगेत उभा असलेला, त्याच्याइतकाच वैतागलेला आणि तरीही गेल्या महिन्यात लस घेतलेला मित्र जास्त कामाचा. व्हीएत माजी सैनिकच मदतनीस म्हणून नेमलेले असतात. अमेरिकन लीजन किंवा व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांच्या कट्ट्यावरही असे चार जण सहज सापडतात.

सुरुवात कुठल्या लसीने करायची यालाही अक्कल लागते. कोविडवरून डोकं फिरलेल्याशी कोविडवरून सुरुवात कशाला? पन्नाशीनंतरची नागिणीची लस घ्या. लहानपणी कांजिण्या झालेल्याच्या मज्जातंतूंच्या मुळाशी तो विषाणू दडून बसतो आणि उतारवयात डोकं वर काढतो. याची सक्ती नाही, याच्यावरून राजकारण नाही, दुसऱ्याला वाचवण्याचं ओझंही नाही. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या शिंग्रिक्स या नागिणीच्या लसीच्या चाचण्यांत पन्नाशीपुढच्यांत संरक्षण ९० टक्क्यांच्या आसपास किंवा वर होतं. दोन डोस लागतात, आणि दुसऱ्या दिवशी अंग मोडून येऊ शकतं, हे आधीच सांगायचं. नाहीतर तोच अंगदुखीचा दिवस पुढच्या दहा वर्षांचा पुरावा बनतो.

शिवाय प्रत्येक नकार तत्त्वाचा नसतो. अमेरिकेतले जवळपास एक चतुर्थांश माजी सैनिक ग्रामीण भागात राहतात. दुसऱ्या डोससाठी तासन्‌तास गाडी हाकायला कोणी तयार नसेल, तर त्याला मानसशास्त्र शिकवत बसू नये, जवळच्या औषधाच्या दुकानात सोय करून द्यावी. काही जण 'याहून वाईट बघितलंय' म्हणून टाळतात. त्यांच्याशी इतिहासावर बोलणं व्यर्थ, त्यांना मधुमेह आणि न्यूमोनिया एकत्र आल्यावर काय होतं ते सांगावं.

आणि एवढं करूनही काही जण नाहीच म्हणतील. त्यांच्या नोंदीत 'नकार दिला' असा शिक्का मारण्यापेक्षा 'आज नको म्हणाले, पुढच्या भेटीत विचारायला हरकत नाही म्हणाले' असं लिहिलेलं बरं, अर्थात ते खरंच तसं म्हणाले असतील तर. आखाती युद्धावर जाऊन आलेल्याला लस घ्यायची नसली तरी व्हीएच्या गल्फ वॉर रजिस्ट्रीची, म्हणजे त्या युद्धावर गेलेल्यांच्या आरोग्य नोंदणीची, मोफत तपासणी सुचवता येते. तिच्यासाठी व्हीएच्या आरोग्यसेवेत आधी नाव असण्याची अट नाही, आणि तिथे त्याला पहिल्यांदाच कोणीतरी १९९१ मध्ये नेमकं काय काय झालं हे सविस्तर विचारेल.